ओळखीने मिळालेली नक्कल

खानदेशात पोलीस ठाण्यातून किंवा कोर्टातून एखादा कागद काढायचा म्हटला की पहिला प्रश्न कायद्याचा नसतो, माणसाचा असतो. "भाऊ, तठे आपला कोनी माणूस शे का?" मग कोणाचा तरी साडू हवालदार निघतो, कोणाचा वर्गमित्र कोर्टात लिपिक असतो. फोन जातो आणि संध्याकाळपर्यंत फिर्यादीच्या, म्हणजे एफआयआरच्या, कागदाचा वाकडातिकडा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडतो. काम झालं म्हणून सगळे खूश. माझा आक्षेप नेमका या खुशीवर आहे.

फोटो मिळाला, पण त्यावर ना शिक्का ना सही. विमा कंपनी तो घेत नाही, कोर्ट तर नाहीच नाही. शिवाय ज्याचा साडू हवालदार नाही त्याचं काय? धडगावच्या डोंगरातला पावरा आदिवासी शेतकरी असेल, ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं साक्रीकडचं कुटुंब असेल. त्यांना "साहेब बंदोबस्ताला गेलेत, सोमवारी या" एवढंच ऐकायला मिळतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओळखीने मागितलेल्या कागदाला नकार मिळाला तरी तोही तोंडीच असतो. लेखी मागणी नाही म्हणून लेखी नकार नाही, आणि लेखी नकार नाही म्हणून कोणाकडे दाद मागायची सोय नाही. ओळख वापरणारा माणूस स्वतःचं काम करून घेतो आणि कागद ही मेहेरबानी आहे हा समज आणखी पक्का करून जातो.

सातबाऱ्याचं हेच होतं. तलाठी आप्पांना गाठायचं, त्यांची वेळ सांभाळायची, मग नक्कल. आज पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो आणि पारोळ्याचा शेतकरी तो कोणाच्याही पाया न पडता काढतो. पोलीस आणि कोर्टाच्या कागदांबाबत कायदा बराच पुढे गेलाय, सवय मात्र तलाठी आप्पांच्या काळातलीच आहे.

सुरुवात फिर्यादीपासून करू, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर लिहून घ्यायची, ती फिर्यादीला वाचून दाखवायची आणि तिची प्रत लगेच, मोफत द्यायची. पूर्वीच्या कायद्यात ही प्रत खबर देणाऱ्याला मिळायची. आता पीडित व्यक्तीचाही स्पष्ट उल्लेख आहे. हद्दीचं कारण सांगून परत पाठवणंही चालत नाही. गुन्हा चोपड्याच्या हद्दीत घडला असला तरी तुम्ही जळगावात फिर्याद देऊ शकता. ती शून्य क्रमांकाने नोंदवून चोपड्याला वर्ग करायची जबाबदारी पोलिसांची. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या कायद्यातही प्रत मोफत द्यायची तरतूद वेगळी लिहिलेली आहे. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात ती ठाण्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असायला हवी.

वाचून दाखवण्याच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. फिर्याद मराठीत लिहिली जाते, तीही ठाणे अंमलदाराच्या ठरलेल्या मराठीत: "यातील नमूद आरोपीने संगनमत करून फिर्यादीस चापटाबुक्क्यांनी मारहाण केली". सांगणारा बोलतो अहिराणी, भिलोरी, पावरी, मावची. कुऱ्हाडीचा दांडा लागला असं त्याने सांगितलेलं असतं, कागदावर मात्र "लाकडी दांडक्याने" येतं. दोन वर्षांनी उलटतपासणीत बचावाचा वकील नेमका हा फरक काढतो आणि साक्षीदार गोंधळतो. प्रत त्याच दिवशी हातात पडली असती, घरातल्या शिकलेल्या पोरीने ती वाचली असती, तर दुसऱ्याच दिवशी पुरवणी जबाब देऊन दुरुस्ती झाली असती. मोफत प्रतीची तरतूद म्हणूनच महत्त्वाची आहे. आपण मात्र ती विम्याच्या फाईलला जोडायचा कागद समजतो.

हाती पडलेला कागद नक्की कोणता आहे, हेही बघायला हवं. ठाण्यात गेलेल्या माणसाची बोळवण तीन प्रकारे होते. एक, साधा तक्रार अर्ज घेऊन "चौकशीवर" ठेवला जातो. दोन, अदखलपात्र नोंद होते, जिला सगळे एनसी म्हणतात. तीन, खरा गुन्हा दाखल होतो आणि गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) पडतो. एनसीचा कागद घेऊन "आपण केस केली" म्हणून गावभर सांगणारे कितीतरी असतात. प्रत्यक्षात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपासच करू शकत नाहीत. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करावीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये स्पष्ट केलंय. ठाणं ऐकत नसेल तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवायची आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं. मात्र या सगळ्यासाठी तुमच्याकडे बारनिशीचा, म्हणजे आवक-जावक नोंदीचा, शिक्का मारलेली पोच लागते. अर्ज दिला पण पोच घेतली नाही, तर तो दिला नाही असंच समजा.

फिर्यादी नसलेल्या, पण त्या गावात राहणाऱ्या माणसाला गुन्ह्याची माहिती हवी असेल तर? सप्टेंबर २०१६ मध्ये यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रथम खबर, म्हणजे हीच फिर्याद, २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायची. दुर्गम भागात इंटरनेटची अडचण असेल तर ही मुदत जास्तीत जास्त ७२ तासांपर्यंत जाते. लैंगिक गुन्हे, बालकांवरचे गुन्हे, दहशतवाद अशा संवेदनशील बाबी त्यातून वगळल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून या खबरी पाहता येतात. मला मात्र असं दिसतं की गावातल्या चोरीबद्दल पारावर तासभर चर्चा करणारे आम्ही, ते पान उघडायची तसदी घेत नाही.

फिर्यादीनंतरचा टप्पा बहुतेकांना माहीतच नसतो आणि सर्वाधिक नुकसान तिथेच होतं. मोटारसायकल चोरीला गेली, गुन्हा नोंदला, महिने गेले. विमा कंपनी म्हणते, "ए फायनल आणा." ही ए फायनल म्हणजे काय, हे सांगायला कोणी बसलेलं नसतं. आपल्या राज्यात तपास आरोपपत्राविना संपला की पोलीस न्यायालयात समरी अहवाल देतात. गुन्हा खरा पण आरोपी किंवा माल सापडला नाही, तर 'अ', म्हणजेच ती ए फायनल. फिर्याद खोटी, खोडसाळ, तर 'ब'. खरी-खोटी ठरवता येत नाही, गैरसमजातून झाली किंवा प्रकरण दिवाणी स्वरूपाचं आहे, तर 'क'. विमा कंपनीला हवा असतो तो 'अ' समरीचा न्यायालयाने मंजूर केलेला आदेश, आणि तो मिळतो ठाण्यात नव्हे, कोर्टात. शेतकरी ठाण्याला चकरा मारत राहतो कारण त्याला तिकडेच पाठवलं जातं. विहिरीवरच्या पंपाची केबल चोरीला जाणं तर तापी-गिरणेच्या काठाला रोजचंच. तिथे लोक समरीपर्यंत जातच नाहीत, नवी केबल घेतात आणि विषय सोडतात.

'ब' समरीचा मामला आणखी गंभीर. तुमची फिर्याद खोटी होती असं पोलीस न्यायालयाला सांगताहेत आणि तुम्हाला पत्ताच नाही, असं होऊ नये म्हणून समरी स्वीकारण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच भगवंत सिंह प्रकरणात ठरवून दिलंय. नव्या संहितेत तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं बंधनही घातलंय. ते मोबाईलवरून कळवलं तरी चालतं. नव्वद दिवस उलटले आणि काही कळलं नाही तर एका पानाचा अर्ज: "माझ्या गु.र.नं. अमुक मधील तपासाची सद्यस्थिती लेखी कळवावी." एवढंच. आमदारांचं पत्र लागत नाही.

अपघाताच्या कागदांना तर मुदतीचा फास असतो. खानदेशातून सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन महामार्ग जातात आणि धुळ्यात एकमेकांना छेदतात. रस्त्यावर माणूस जातो, तेरावं होतं, आणि मग कागदांची आठवण होते. मोटार अपघात दाव्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली आहे; तिच्यावर सर्वोच्च न्यायालयात वाद असला तरी त्या आशेवर कोणी घरी बसू नये. घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, समोरच्या गाडीची नोंदणी आणि विम्याचा तपशील हे सगळं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० प्रमाणे नुकसानभरपाई मागणाऱ्याने विचारलं तर ठाण्याच्या प्रमुखाने वाहनाचा, चालकाचा आणि विम्याचा तपशील ठरलेली फी घेऊन द्यायचाच असतो. घरच्यांना हे ठाऊक नसतं म्हणून मधला माणूस येतो आणि "कागद काढून देतो" म्हणत भरपाईत वाटा ठरवतो. कायद्याने दोन पावलांवर ठेवलेल्या कागदांवर असं एक दुकान उभं राहतं.

आता माहिती अधिकार. २००५ चा हा कायदा आपल्याकडे नको तितका वापरला जातो आणि हवा तिथे वापरला जात नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांची मर्यादा. तीस दिवसांत उत्तर, आणि माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. पोलिसांचं ठरलेलं उत्तर असतं: "प्रकरण तपासाधीन असल्याने कलम ८(१)(ज) अन्वये माहिती देता येत नाही." हे उत्तर बरेचदा अपुरं असतं. तपास चालू आहे एवढं कारण पुरत नाही. ही माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने भगत सिंह प्रकरणात २००७ मध्ये म्हटलंय. केस डायरी (तपासाची रोजची नोंदवही) मिळणार नाही, साक्षीदारांचे पत्ते मिळणार नाहीत, मिळूही नयेत. पण तुमचा तक्रार अर्ज कोणत्या तारखेला कोणाकडे गेला, त्यावर काय शेरा पडला, ठाण्यात वर्षभरात किती तक्रार अर्ज आले आणि त्यांतले किती गुन्ह्यात रूपांतरित झाले, हे द्यायला तपासाचा अडथळा कुठून येणार? उत्तर पटलं नाही तर तीस दिवसांत वीस रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील, पुढे दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. ठाण्यात मारहाण झाल्याची तक्रार असेल तर वेळ दवडू नका. परमवीर सिंह सैनी प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण अठरा महिने जपायला सांगितलंय, पण मागणीचा अर्ज पहिल्या आठवड्यात गेलेला बरा.

माहिती अधिकारवाल्यांची एक जमात आपल्याकडे तयार झालीय, जी अर्ज करते आणि मग तो मागे घ्यायचे पैसे घेते. त्यांच्यामुळे खऱ्या अर्जदाराकडेही संशयाने बघितलं जातं हे मान्य. पण रेकॉर्ड दडलेलं असतं तोवरच त्याची भीती विकता येते. जे पोर्टलवर कोणीही बघू शकतं त्याच्या नावावर खंडणी कोण देणार?

कोर्टाचा दरवाजा वेगळा आहे. इथे माहिती अधिकाराचा अर्ज टाकून वेळ घालवू नये. मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की न्यायालयीन कागदांच्या प्रती उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे, नक्कल अर्ज करूनच घ्यायच्या. अर्जात प्रकरणाचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख, आणि कोणता कागद हवा ते निशाणी क्रमांकासह (कोर्टाने त्या कागदाला दिलेला नंबर) लिहायचं. "सगळे कागद द्या" असं लिहिलं की अर्ज फिरलाच म्हणून समजा. पक्षकाराला अडचण नसते. त्रयस्थाला मात्र प्रत का हवी ते सांगावं लागतं. ही अट मला जाचक वाटते. साक्षीपुरावे आणि कौटुंबिक कागदांना ती असू द्या. पण खुल्या न्यायालयात दिलेल्या निकालपत्राची प्रमाणित प्रत मागणाऱ्या नागरिकाला "का हवी" हा प्रश्न कशाला? निकाल हा सगळ्यांसाठीच असतो.

नुसतं वाचायला हवं असेल तर सोय झालेली आहे. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की तारखा, रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद), आदेश दिसतात. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावानेही शोधता येतं. तिथून उतरवलेली प्रत माहितीसाठी पुरते, दाखल करायला प्रमाणितच लागते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून त्याआधीचा सत्र खटला शोधणाऱ्याने धुळ्याच्या अभिलेख कक्षापासून सुरुवात करावी. फार जुने काही कागद नियमाप्रमाणे ठरावीक वर्षांनी नष्टही केले जातात. वडिलोपार्जित जमिनीच्या दाव्याचा हुकूमनामा आजच काढून ठेवा, भावकीत वाद होईपर्यंत थांबू नका.

जळगावच्या घरकुल प्रकरणात, म्हणजे नगरपालिकेच्या घरबांधणी योजनेतल्या घोटाळ्यात, २००६ मध्ये फिर्याद झाली आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ ला ४८ जणांना दोषी ठरवलं. पुढे अपिलं झाली, तो वेगळा विषय. अख्ख्या शहराच्या पैशाचा हा खटला होता. चहाच्या टपरीवर त्यावर मत नसलेला माणूस जळगावात सापडणार नाही, पण निकालपत्र वाचलेला किती जणांना भेटला असेल? ठराव कोणत्या सभेत झाला, सही कोणाची होती, पैसे कसे गेले, हे निकालात असतं. बातमीत शिक्षा असते. नगरपालिकेत पुन्हा तसलाच ठराव आला तर तो ओळखायला निकाल वाचलेला माणूस लागतो.

सगळं खुलं करा असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आरोपपत्रं सरसकट संकेतस्थळावर टाकायची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली आणि मला ते पटतं. आरोपपत्रात साक्षीदाराचा जबाब असतो, पीडितेची ओळख असते. छोट्या गावात नाव झाकून भागत नाही. "अमुक गावातील विहिरीवर काम करणारी महिला" एवढं लिहिलं तरी गाव ओळखतं. निर्दोष सुटलेल्या पोरावरची फिर्याद दहा वर्षांनी लग्नाच्या बोलणीत फिरते, हेही घडतं. पण २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मध्ये जो बदल केला, तो या काळजीच्या फार पलीकडे जातो. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना त्याच कलमात सार्वजनिक हिताची कसोटी होती. आता 'वैयक्तिक' एवढा शब्द पुरतो. व्यापक जनहिताचं कलम ८(२) अजून शाबूत आहे आणि अर्जदाराने ते नाव घेऊन मांडायला शिकलं पाहिजे. पीडितेच्या आडोशाला अधिकाऱ्याने आपली सही झाकायची, हे गोपनीयतेत बसत नाही.

दुसऱ्या टोकाला काय होतं, ते साक्री तालुक्याने पाहिलंय. १ जुलै २०१८ ला राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. अफवा मोबाईलवरून आली होती. ठाण्याचं रेकॉर्ड खुलं असतं तर ते पाच वाचले असते, असा दावा मी करणार नाही. जमाव संकेतस्थळ बघून हात आवरत नाही. पण ज्या भागात "आपल्या हद्दीत मूल पळवल्याचे गुन्हे किती" या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर लोकांना आठवडी बाजारात रोजच्या सवयीने मिळतं, तिथे अफवेला जागा कमी मिळते, एवढं तरी मानायला हरकत नसावी.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती पूर्ण करायला नवा कायदा लागत नाही. प्रत्येक ठाण्याबाहेर फळा हवा: जन माहिती अधिकारी कोण, अपील कोणाकडे, मोफत प्रत कोणाला मिळते, गेल्या महिन्यात किती गुन्हे, किती अदखलपात्र, किती अर्ज प्रलंबित. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्यात हा मजकूर भिलोरी-पावरीत बोलून दाखवणारा एक माणूस, आठवडी बाजाराच्या दिवशी. तालुका विधी सेवा समितीने वर्षातून एखादं शिबिर घेऊन फोटो काढण्यापेक्षा अनुसूचित जमातीच्या आणि स्त्री अर्जदारांचे नक्कल अर्ज नियमित भरून द्यावेत. मोफत विधी साहाय्याचा हक्क त्यांना उत्पन्न न बघता आहेच. समरी न्यायालयात दाखल झाली की फिर्यादीच्या मोबाईलवर 'अ', 'ब' की 'क' एवढं एक अक्षर तरी जावं. आणि ठाण्यात आपला माणूस असलेल्यांनी पुढच्या वेळी त्याला फोन लावण्याआधी अर्ज लिहून बारनिशीत द्यावा, पोच घ्यावी. त्या आपल्या माणसालाही ते सोयीचंच पडेल. वरून विचारणा झाली तर दाखवायला त्याच्याकडे कागद असेल.